पगारपत्रकातली एक ओळ

आम्हां शिक्षकमंडळींची दिवाळी वसुबारसेला सुरू होत नाही. ती पगारपत्रक हाती पडते त्या दिवशी सुरू होते. गेल्या वर्षी असाच दिवाळीच्या तोंडावर पगार झाला. शिक्षकांच्या खोलीत चहा आला, जो तो आपापले पत्रक डोळ्यांशी धरून बसला, आणि आमचे गणिताचे मास्तर एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय हो? व्यवसाय कर, रुपये २००. दर महिन्याला २००, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार झाले. आपण मास्तर. आपला व्यवसाय तो काय आणि त्यावर कर तो कसला?"

मी म्हणालो, "मास्तर, हा कर दुष्काळाने लावलेला आहे."

सगळे हसले. मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझे बोलणे ते निम्म्याने वजा करूनच ऐकतात. तेवढ्यात घंटा झाली आणि सांगायचे ते राहून गेले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्राच्या पोथ्या मी पढलेलो नाही. परंतु या एका ओळीपुरती गोष्ट मला ठाऊक आहे, कारण तिचे एक टोक माझ्या पगारपत्रकात असले, तरी दुसरे टोक माझ्या आजीच्या डोक्यावरच्या पाटीत आहे. हवामान बदलले, पाऊस बेभरवशाचा झाला, त्यावर उपाय म्हणून सरकारे आणि जागतिक संस्था हजारो कोटींची अनुदाने देतात, असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. 'हवामान बदल' हा शब्द नवा आहे खरा. पण पाऊस दगा देतो, मग सरकारी पैसा रानात उतरतो, आणि त्या पैशाचे पुढे काय होते, ही कथा आपल्या मुलखात दीडशे वर्षांची जुनी आहे. फराळाचे ताट समोर असताना दुष्काळाची कथा सांगणे औचित्याला धरून नाही, हे मला कळते. तरीही वाचकहो, ही कथा रडगाण्याची नाही, हिशेबाची आहे. आणि हिशेबाच्या वह्या आपण दिवाळीतच पुजतो.

*

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या मुलखांत दोन वर्षे अन्नाची ददात पडली, आणि त्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. सरकारने 'दुष्काळी कामे' काढली. खडी फोडा, रस्ता करा, तलाव खणा आणि मजुरी घ्या, असा तो प्रकार होता. आमच्या माणदेशात माण नदीवर राजेवाडीचा मोठा तलाव आहे, त्याला म्हसवडचा तलाव असेही म्हणत. तो याच दुष्काळात हाती घेतलेला. पुणे जिल्ह्यातला नीरेचा डावा कालवाही त्याच काळातल्या दुष्काळी मजुरांच्या हातांनी खणला गेला. आज त्या कालव्याकाठी जो उसाचा हिरवा पट्टा दिसतो, त्याच्या मुळाशी उपाशी माणसांचा घाम आहे.

त्या घामाला भाव काय होता? हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठविले होते. मजुरीवर फार खर्च होतो असे त्यांचे मत पडले, आणि पुरुष मजुराला एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा, एवढ्यावर मजुरी आणून ठेवण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने एक रत्तल धान्यावर जगावे! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. १८७७च्या जानेवारीत तर मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामेच सोडून दिली. उपाशी माणूस मजुरी नाकारतो, यावरून ती मजुरी कशी असेल याची कल्पना करावी. हेच टेंपलसाहेब त्याच साली मुंबईचे गव्हर्नर झाले.

दुष्काळ सरला. मग सरकारच्या मनात आले, की असा प्रसंग पुन्हा येणारच. तेव्हा दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून ठेवावी. वर्षाला दीड कोटी रुपये काढावयाचे ठरले. या तरतुदीचे नाव पडले दुष्काळ विमा निधी. त्यातून दुष्काळ निवारावयाचा, आणि दुष्काळाला अटकाव करणारे कालवे व आगगाडीचे रस्ते बांधावयाचे. पैसा उभा करण्यासाठी व्यापारउदीम करणाऱ्यांवर परवाना कर बसविला आणि काही प्रांतांत जमिनीवर जादा पट्टी बसविली. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी १८७८ साली या करापायी दुकाने बंद केली, तिथे दंगलही झाली.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १८७८च्या अखेरीस अफगाणिस्तानची लढाई पेटली. लढाईला पैसा लागतो. दुष्काळासाठी म्हणून कर तर वसूल होत होता, पण पहिल्या दोन-तीन वर्षांतच निधीची तरतूद आखडली, आणि दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा सरहद्दीवरच्या लढाईला लागला, अशी टीका आपल्याकडच्या जाणत्या मंडळींनी वर्षानुवर्षे केली. दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा दुष्काळासाठीच राहील अशी राखण कोणीतरी करावी लागते. राखण नसेल तर उभे पीक दुसऱ्याचे ढोर खाऊन जाते. ही या कथेतली पहिली खूण. ती ध्यानात ठेवावी.

*

त्याच सुमारास पुण्यात एक माणूस वेगळाच विचार करीत होता. महात्मा फुले हे बांधकामाचे ठेके घेत असत. माती आणि दगड यांची त्यांना पुस्तकी नव्हे, हाताची ओळख होती. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला एक सूचना केली आहे. फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा बेताने बांधून घ्यावेत, की पावसाचे पाणी सगळ्या शिवारात मुरावे आणि मग ओढ्यानदीला मिळावे. म्हणजे कसदार माती वाहून जाणार नाही आणि विहिरींनाही पाणी राहील. आज ज्याला आपण मोठ्या दिमाखाने पाणलोट विकास म्हणतो, त्याचे बीज त्या पानांत पडलेले आहे. इंग्रज सरकारचे डोळे मोठ्या कालव्यांकडे आणि आगगाड्यांकडे होते. पावसाचा थेंब जिथे पडतो तिथेच त्याला थांबवावे, हे काम दिसायला लहान; त्याचे उद्घाटन करायला कोणता गव्हर्नर येणार?

१८८०च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून पुढे दुष्काळाचे कायदेनियम तयार झाले. कोणत्या परिस्थितीत कामे काढावी, काय मजुरी द्यावी, शेतसारा केव्हा तहकूब करावा, हे त्यांत लिहिलेले होते. पण लिहिलेले होते इंग्रजीत, आणि भोगायचे होते खेड्यातल्या माणसाला. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून ते नियम मराठीत समजावून सांगितले आणि सार्वजनिक सभेचे लोक खेडोपाडी धाडले. सरकारी मदत हे सरकारचे उपकार नव्हेत, नियमाप्रमाणे तो तुमचा हक्क आहे, हे शेतकऱ्याला प्रथम असे कळले. सरकारला अर्थातच हे रुचले नाही.

पुढे माती धरून ठेवण्याचे कामही सुरू झाले. १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि त्याखाली हजारो एकरांवर सरकारी खर्चाने बांधबंदिस्ती झाली. बांध पाण्याच्या समपातळीने घालावे लागतात, आणि समपातळीची रेषा काही वाटणीच्या हद्दीला जुमानीत नाही. ती एकाच्या शेतातून तिरपी निघून दुसऱ्याच्या शेतात घुसते. तेव्हा साहेबाने आखून दिलेले बांध पुष्कळांनी पुढल्या नांगरटीला मोडून टाकले. काम शास्त्राचे होते. फक्त ज्याच्या रानात ते करावयाचे त्याला कोणी विचारले नव्हते. ही दुसरी खूण.

*

आता माझ्या आजीकडे येतो.

१९७० ते १९७३ या तीन वर्षांत महाराष्ट्रात पाऊस रुसला, आणि बहात्तर साल तर असे गेले, की आमच्याकडे अजूनही माणसांची वये त्या सालावरून मोजतात. 'बहात्तरच्या दुष्काळात ही रांगत होती' असे म्हटले, की वय कळते. आजी तेव्हा पस्तिशीची होती. अंगावर तीन पोरे, आणि रान म्हणाल तर डोंगराच्या कुशीला दीड एकर मुरमाड माळ. ती आधी खडीवर गेली, मग आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले तिथे गेली. दिवसाला दोन-तीन रुपये मिळत. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळे. कामावर पोरांना सुकडी मिळे. मिलोची भाकरी थापताना मोडायची, पण त्या भाकरीनेच माझा बाप वाचला हे तिने कधी लपवले नाही.

"आरं, लई मानसं हुती," ती सांगायची. "मुंग्यावानी. पाटलाची सून बी हुती आन मी बी हुते. पाटी सगळ्यांच्या डोक्यावर सारकीच."

तिचे 'मुंग्यावानी' खरेच होते. १९७३च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर रोज जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. १९७१च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख भरली होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत धरून, दर दहा माणसांतला एक जण सरकारी कामावर माती उपसत होता किंवा खडी फोडीत होता. आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. १८७७ साली ज्या मुलखात लाखो माणसे मेली, त्याच मुलखात तितकाच दुष्काळ पडूनही माणसे जगली. सरकारी पैसा वाया जातो असे उठल्यासुटल्या म्हणणाऱ्यांनी हे एक वाक्य कुठेतरी लिहून ठेवावे.

त्या वेळी वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. खेड्यातल्या हाताला काम देण्याची हमी सरकारने घ्यावी, हा विचार त्यांनी नाईकांपुढे मांडला होता, आणि १९६५ पासून तासगाव तालुक्यात विसापूरकडे त्याचा लहानसा प्रयोगही झाला होता. १९७२ साली ही योजना राज्याने स्वीकारली. दुष्काळ सरल्यावर सरकारी कामे बंद पडण्याची रीत होती. इथे मात्र दुष्काळ सरल्यावर योजना जोमाने पुढे चालली. हेच तिचे वेगळेपण. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास रोज निदान एक रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा. कामाच्या खर्चातला साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर जावयाचा. आणि कामे कसली? माती आणि पाणी अडविणारी, म्हणजे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण.

यासाठी पैसा कोण देणार? इथे आमच्या गणिताच्या मास्तरांची ओळ येते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, सगळ्यांनी थोडे थोडे द्यावयाचे. आणखीही काही करांवर अधिभार बसविला. हा पैसा रोजगार हमी निधीत जावयाचा आणि सरकारने आपल्या पदरची तितकीच भर त्यात घालावयाची. शहराने खेड्याला काम द्यावे, म्हणजे खेडे उठून शहराच्या पदपथावर निजायला येणार नाही, असा तो समजूतदारपणाचा सौदा होता. शंभर वर्षांपूर्वी परवाना करापायी सुरतेत दंगल झाली. १९७५ साली मुंबई-पुण्याच्या पांढरपेशांनी हा कर निमूटपणे दिला आणि नंतर कशासाठी देतो ते विसरूनही गेले.

विसरणे बरे नसते. बेकारी भत्ता फारसा कोणाला मिळाला नाही. काम काढून घेण्यासाठी मजुरांना तहसील कचेरीवर मोर्चे न्यावे लागले. हजेरीपटावर खोटी नावे लागली, मोजमापात माती चोरीला गेली. पुढे १९९० नंतर कामावर येणारी माणसे घटत गेली, कराचे उत्पन्न मात्र वाढत गेले, आणि जमेचा व खर्चाचा मेळ राहिला नाही. पहिली खूण पुन्हा पटली. तरीसुद्धा पाव शतकाहून अधिक काळ या एका राज्याने हे चालविले, आणि २००५ साली देशाने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा त्यापुढे उदाहरण महाराष्ट्राचेच होते.

*

आता या कथेतला माझा स्वतःचा सल सांगतो.

पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी दोन वाक्यांत सांगायला हवे. ओढ्यावर मातीचा भराव घालून पाणी अडवायचे. त्याला कालवा नाही, दार नाही. अडलेले पाणी मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपते, आणि भरावाच्या खालच्या अंगाला ज्या विहिरी असतात त्यांत ते उतरते. योजना सुरेख आहे. पण जरा विचार करून पाहावे: पाणी उतरते विहिरीत. ज्याची विहीर, त्याचे पाणी.

मी सहावी-सातवीत असेन. आजीचे बोट धरायचे वय नव्हते, पण तिला डोंगरात एकटी जाऊ द्यायची नाही म्हणून मी बरोबर गेलो. तलावाच्या भरावावर चढून ती उभी राहिली. श्रावण होता, पाणी बऱ्यापैकी साठले होते. ती कौतुकाने म्हणाली, "ह्या कोपऱ्याला आमची टोळी हुती." भरावाखाली पाहिले तर हिरवागार ऊस उभा होता. विहिरीवर मोटार धडधडत होती.

मी विचारले, "आजे, मग आपल्या रानात का न्हाई पानी आलं?"

ती म्हणाली, "पानी आलं की रं. पर आपलं रान वर हाय. पानी खाली जातं."

एवढेच बोलली आणि गवताचा भारा बांधायला लागली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून तर ते माझ्या मनात इतकी वर्षे रुतून राहिले. डोंगराच्या वरच्या अंगाला रान कोणाचे असते? ज्याला खाली मिळाले नाही त्याचे. तलाव खणायला कोण गेले? ज्याच्याकडे विहीर नव्हती ते. माझा बाप पुढे आमच्या भागातल्या इतर पोरांसारखा सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला परमुलखात गेला, आणि त्याने पाठविलेल्या पैशावर मी शाळा शिकलो. तलावाने आम्हांला दुष्काळात जगविले, हे खरे. दुष्काळानंतर गावात ठेवून घेतले नाही, हेही खरे.

*

ही गोष्ट माझ्या आजीला शब्दांत मांडता आली नाही. पुरंदर तालुक्यात एका माणसाने ती मांडली. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर आणि कारखानदार. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले. १९७४ साली त्यांनी नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेतली, तिच्यावर बांध घातले, पाझर तलाव केला, विहीर पाडली, आणि पडेल तेवढ्या पावसावर पीक उभे करून दाखविले. त्यातून पाणी पंचायत जन्माला आली. तिचे नियम साधे, पण मुळावर घाव घालणारे होते. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि घराला फार तर अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर वाटा राहील. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही.

आणि पैशाची वाटणीही लक्षात घेण्यासारखी होती. उपसा योजनेचा निम्मा खर्च सरकारी अनुदानातून, वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः घालावयाचे, उरलेले तीस टक्के साळुंख्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यावयाचे. ज्याने आपल्या गाठीचे शंभर रुपये घातले, तो मोटार बिघडली तर रात्री कंदील घेऊन विहिरीवर जातो; सगळेच सरकारने दिले असते तर तो सकाळी अर्ज लिहीत बसला असता.

नगर जिल्ह्यात पुढे हाच धडा दुसऱ्या वाटेने गिरविला गेला. स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांच्या प्रयत्नाने जर्मन सरकारचे अनुदान नाबार्डच्या मार्फत गावोगावच्या पाणलोट कामांना मिळू लागले. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यांतले एक गाव. परंतु जर्मनीचा पैसा हवा तर गावाने आधी काही दिवस फुकट राबून दाखवावयाचे, झाडे तोडणे आणि मोकाट गुरे चारणे बंद करावयाचे, आणि मग पैशाची गोष्ट काढावयाची. आधी श्रमदान, मग अनुदान! त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत रोजगार हमीचाच पैसा वापरून डोंगराला चर खणले; पण पाणी दिसू लागताच शेतीसाठी विंधनविहिरी नकोत, ऊस नको, असे ठरवून घेतले, आणि दर वर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब ग्रामसभेत मांडून त्यावर पिके ठरविण्याची रीत पाडली. पैसा तोच, कायदा तोच, डोंगर तसाच. फरक पडला तो पाणी कोणाचे हे आधी ठरविल्याने.

*

गेल्या काही वर्षांत आकडे वाढले. १९९२ साली राज्याने जलसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले. २०१४च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान आले. दर वर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करावयाची असा संकल्प होता. साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. पाटीची जागा जेसीबीने घेतली, आणि जे काम माणदेशात पन्नास बायका महिनाभर करीत ते यंत्र दोन दिवसांत करू लागले. कित्येक गावांना त्याचा लाभ झाला. पण यंत्राला डोंगर चढायला आवडत नाही. ते ओढ्यात उतरून त्याला खोल आणि रुंद करीत जाते. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे यावयाचे असते, ते बऱ्याच ठिकाणी पायथ्यालाच सुरू होऊन पायथ्यालाच संपले. २०२०च्या अहवालात देशाच्या महालेखापरीक्षकांनी, एवढा खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यात फारसा परिणाम दिसत नाही, असा अभिप्राय दिला.

२०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. तो तर हवामान बदलाचे नाव घेऊनच आला. विदर्भ, मराठवाडा आणि आसपासचे मिळून १५ जिल्हे, पाच हजारांवर गावे. बँकेचे कर्ज ४२ कोटी डॉलर. शेततळे, ठिबक, फळबाग यांचे अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात. मधला दलाल गेला ही मोठीच गोष्ट. पण शेतकऱ्याने आधी आपल्या खिशातून खर्च करावयाचा आणि अनुदान मागाहून मिळावयाचे, अशी रीत असली म्हणजे ज्याचा खिसा आधीच रिकामा तो दाराशीच थांबतो. शिवाय गावाला जे अनुदान, ते राज्याला कर्ज. फेडणार कोण? पुन्हा आपली पगारपत्रकेच!

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. योजना दीड कोटींची असो, दहा हजार कोटींची असो, तिचे नाव दुष्काळ असो की हवामान, तीन गोष्टी विचाराव्यात. पैशाची राखण कोण करतो? ज्याच्या रानात काम, त्याला विचारले का? आणि अडलेले पाणी कोणाचे? पहिले दोन प्रश्न अलीकडे थोडेफार विचारले जातात. तिसरा विचारायला अजून जीभ अडखळते.

*

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मी गावी गेलो होतो. आजी जाऊन बरीच वर्षे झाली. तलाव अर्धाअधिक गाळाने भरला होता, आणि गाळ काढून शेतात टाकण्याचे काम चालू होते. गाळ फुकट, वाहतूक ज्याची त्याने करावयाची. ट्रॅक्टर ज्यांचे होते ते नेत होते. वरच्या अंगाच्या माळावरून, म्हणजे आमच्याच माळावरून, पन्नास पावसाळ्यांत वाहून आलेली ती माती खालच्या उसात चालली होती.

भरावावर काही पोरे बसली होती. त्यांतली दोन-तीन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. मी विचारले, "हा तलाव कुणी बांधला, ठाऊक आहे का?"

"सरकारनं," एक जण म्हणाला.

"आणि सरकारला पैसे कुणी दिले?"

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग मी त्यांना भरावाचा तो कोपरा दाखविला आणि तिथली टोळी सांगितली. एका पोरीने विचारले, "मग गुर्जी, तुमच्या आजीला पानी किती मिळालं?"

मॅट्रिकही न झालेली ती पोर. महालेखापरीक्षकांच्या तोडीचा प्रश्न तिने सहज विचारला होता. मी तिला खरे ते सांगितले.

या दिवाळीला पगारपत्रक आले तेव्हा गणिताचे मास्तर पुन्हा त्या ओळीवर थबकले. मी त्यांना ही सारी कथा चहा निवेपर्यंत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, खिशातून पेन काढले आणि पत्रकाच्या मागे काही आकडेमोड केली. मग म्हणाले, "नोकरीला लागल्यापासून मी किती दिले त्याची बेरीज केली. आता ते कुठे गेले त्याचा हिशेब कोण देणार?"

"विचारायला तर लागू या," मी म्हणालो.

घंटा झाली. मास्तरांनी पत्रक घडी करून खिशात ठेवले. या वेळी ते हसले नाहीत.